हौद उतरत नाही

हौदातलं पाणी कमी होत नव्हतं, आणि त्यामुळेच वहिनीला धास्ती बसली होती.

हे ऐकून कुणीही म्हणेल, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना? अख्ख्या गल्लीच्या घशाला कोरड पडलेली. नळाच्या तोंडात कोळ्यांनी जाळी विणलेली. टँकर आला तर आला, आणि आला की रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच काय त्या बाकी ठेवत. अशा दिवसांत एका घरचा हौद खाली जायचं नाव घेत नाही, तर त्या घरच्या बाईनं सुखानं झोपावं. घरातले बाकीचे झोपतच होते. वहिनीचाच डोळा लागत नव्हता.

वहिनी म्हणजे मिस्त्रीची बायको. मिस्त्री गवंडीकाम करायचा. गल्लीतल्या निम्म्या मोऱ्या आणि पायऱ्या त्याच्या हातच्या, म्हणून तो सगळ्यांचा मिस्त्री आणि ती सगळ्यांची वहिनी. घरात आणखी दोघी. मिस्त्रीची आई, आणि लहान पोरगी. पोरगी दिवसभर अंगणात स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. हल्ली ती फिरत नव्हती. भिंतीला पाठ लावून बसायची आणि पोटावर हात ठेवायची.

हे घर पाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून कडक. सासऱ्यांनी मागच्या अंगणात जमिनीखाली हौद बांधला, छपराचं पाणी पन्हळीनं त्यात सोडलं, आणि ते गेल्यावर सासूबाईंनी त्या हौदावर राज्य केलं. घरात पाण्याला पायऱ्या होत्या. पहिलं पाणी पिण्याचं आणि शिजवायचं. भाजी धुतलेलं ते दुसरं, त्यानं भांडी विसळायची. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, घमेल्यातलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात. पाहुण्याला हात धुवायचे असले तर सासूबाई सोबत जात, आणि तांब्या स्वतःच्या हातात ठेवत. पाहुणा हसायचा. सासूबाई हसत नसत.

दुष्काळ पडला तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला. एवढं करूनही मोरीचं थोडंफार पाणी गटारात जातंच ना? गटाराला कशाला पाजायचं? त्यानं मोरीच्या मागे खड्डा खणला. तळाशी खडी, तिच्यावर कोळसा, कोळशावर वाळू. मोरीचं पाणी वरून सोडायचं, आणि खालून आडव्या नळीतून गाळलेलं काढायचं. निघायचं ते काचेसारखं. त्यावर भांडी, कपडे, सासूबाईंचा भाजीचा वाफा. घराबाहेर थेंब जाईना. लोक बघायला आले, नळीखाली हात धरून वास घेऊन गेले. मिस्त्री कमरेवर हात ठेवून समजावून सांगायचा, आणि सांगताना त्याची मान दरवेळी थोडी लांब व्हायची.

खड्डा त्यानं हौदाला लागूनच खणला होता. माती तिथंच मऊ होती आणि उतारही तिकडेच होता. एवढ्याशा गोष्टीचा तेव्हा कुणी विचार केला नाही.

वहिनी रोज सकाळी हौदाचं झाकण सरकवून बांबूची काठी आत सोडायची. काठीवर तिनं खिळ्यानं ओरखडे काढले होते. आधी ओल रोज थोडी थोडी खाली सरकायची, आणि ती सरकताना बघून जीव कासावीस व्हायचा, पण ते कळण्यासारखं होतं. मग एका आठवड्यापासून ओल थांबली. त्याच ओरखड्यावर, जणू कुणी खिळा ठोकून ठेवलाय.

"अहो, आजही तिथंच आहे," ती म्हणाली.

मिस्त्री थापी पुसत होता. "काय तिथंच आहे?"

"पाणी."

"मग काय करू, रडू? पाणी उतरलं तर तुला काळजी, नाही उतरलं तरी काळजी. एकदा काय ते ठरव, म्हणजे आम्हालाही बरं."

"आपण पितो, शिजवतो. शिवाय शेजारी टेलरकडे एक हंडा जातो, इस्त्रीवाल्याकडे एक कळशी जाते. एवढं काढतो ते भरून कुठून येतं?"

सासूबाई वाफ्यातून म्हणाल्या, "काटकसर म्हणतात तिला. लोकांनी शिकायला पाहिजे."

"काटकसरीनं पाणी कमी जातं आई. वाढत नाही."

"झरा लागला असेल खाली."

"सगळ्या विहिरी तळाला गेल्या, आणि झरा तेवढा आपलं घर विचारत आला?"

"बघ रे, कशी बोलते," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं बांधलेला हौद आहे तो. त्याच्यात खोट काढायला तिचा बाप यायला पाहिजे."

मिस्त्रीनं थापी पिशवीत टाकली आणि निघाला. जाता जाता टेलरचा हंडा भरून द्यायला विसरला नाही. ते काम तो स्वतः करायचा. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन गल्लीतून जाताना लोक त्याला "या मिस्त्री" म्हणायचे, आणि हे ऐकायला तो पाच पावलांच्या रस्त्याला दहा पावलं लावायचा.

भिंगरीचं पोट बिघडलं होतं. एकदा बरं व्हायचं, परत बिघडायचं. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, पाणी खळखळून उकळा, मग गार करून पाजा. पण या घरात उकळणं म्हणजे पाप. सासूबाई भांडं चुलीवर ठेवायच्या, वर ताट झाकायच्या, आणि पाणी कोमट झालं की उतरवायच्या. अर्धं पाणी वाफ होऊन छपराला चिकटलं तर ते काय नर्स येऊन भरून देणार होती?

एके दिवशी वहिनी मोरीत पोरीची घाण झालेली चड्डी धूत बसली होती. आधी पोरीला धुतलं, मग चड्डी, मग फडकं. पाणी पिवळट होऊन भोकातून खाली गेलं. तिच्या हाताला साबण होता. ती त्या भोकाकडे बघत राहिली. भोकातून खड्डा. खड्ड्याला लागून हौद. हौदातून कळशी. कळशीतून पेला. पेल्यातून पोरगी. आणि पोरीतून परत मोरी.

तिचा हात तिथंच थांबला. साबण वाळायला लागला तरी तिला उठवेना.

संध्याकाळी तिनं मिस्त्रीला सरळ सांगितलं. "तुमचा खड्डा हौदात झिरपतोय."

मिस्त्री आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "मधे भिंत आहे."

"जुनी आहे. वरून जमीन तापून फुटली आहे. अंगणाला भेगा किती पडल्या, बघा ना. खाली भिंतीला पडल्या नसतील कशावरून?"

"भिंती मी बांधतो. तू मला भिंती शिकवणार?"

"शिकवत नाही. आत उतरून बघा म्हणते."

"आत उतरून पिण्याचं पाणी पायानं घाण करू? गल्ली काय म्हणेल?" मग त्याला तोडगा सुचला. "नीळ टाक मोरीत. बाटलीभर टाक. हौद निळा झाला तर तू खरी. नाही झाला तर हा विषय बंद."

तिनं बाटली मोरीत रिकामी केली. दोन दिवस पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत हौदाचं पाणी घेऊन ती उजेडात धरत राहिली. कधी वाटायचं निळसर झाक आहे, मग कळायचं ते आभाळ आहे. पाणी स्वच्छ होतं. मिस्त्रीनं ती वाटी दारात नेऊन टेलरला दाखवली. टेलर शेजारचाच, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर कायम धाग्याचे तुकडे.

"आमच्या हिला हौदावर संशय," मिस्त्री म्हणाला. "बायका नवऱ्यावर घेतात. माझं नशीब, माझी हौदावर घेते."

टेलर हसला, थोडं जास्तच हसला. मिस्त्रीनं त्या दिवशी त्याला दोन हंडे दिले.

वहिनीला पण हलकं वाटलं. खरंच वाटलं. तिनं रात्रीची भाकरी नीट खाल्ली. सकाळी भांडी घासायला खड्ड्याच्या नळीखाली बादली लावली, आणि बादलीकडे बघता बघता तो हलकेपणा गेला. नळीचं पाणीही काचेसारखं होतं. बाटलीभर नीळ मोरीतून याच खड्ड्यात गेली होती, आणि बाहेर एक थेंब निळा आला नव्हता. कोळशानं नीळ खाल्ली होती. म्हणजे हौदात खड्ड्याचं पाणी येत असलं, तरी ते निळं येणारच नव्हतं. वाटी घेऊन ती दोन दिवस आभाळ बघत बसली, एवढंच झालं.

तिनं हे मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कोळसा काम करतोय. अजून काय पाहिजे?"

"कोळसा रंग खातो. पोरीच्या पोटातलं खातो का?"

"विषय बंद म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि त्यानं खरंच बंद केला. चांगल्या माणसांची हीच तऱ्हा असते. वाईट माणूस निदान भांडतो तरी. चांगला माणूस आपल्या चांगुलपणाच्या दाराला आतून कडी लावून बसतो, आणि बाहेर कुणी मेलं तरी उघडत नाही.

वहिनी दुष्काळाआधी बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. पाणीच नाही म्हटल्यावर कारखान्याला टाळं लागलं आणि बायका घरी बसल्या. त्या कारखान्यात पत्र्याचे उंच डबे गोड्या पाण्यानं भरून खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. खारं पाणी गारठतं, पण गोठत नाही, आणि त्याच्या गारव्यानं डब्यातल्या गोड्या पाण्याची लादी होते. डबा एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा फुटला तरी खारं आत शिरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. मग लादीचा कोपरा फोडायचा आणि चाटायचा. वहिनी ते काम करायची. दिवसभर जिभेचा नुसता लाकडाचा तुकडा व्हायचा, पण फुटका डबा तिच्या जिभेतून सुटत नसे.

खारं वाळूतून जातं. कोळशातून जातं. भेगेतून तर जातंच.

ती कारखान्यावर गेली. फाटकाशी राखणदार खुर्ची टाकून बसला होता, मागे जाड्या मिठाची पोती उन्हात पडलेली.

"दोन पिशव्या मीठ नेऊ का?"

"ने की. इथं काय मी चाटत बसणार आहे? कशाला पाहिजे पण एवढं?"

"एक डबा फुटलाय."

"कुठला डबा? सगळे उपडे पडलेत."

"घरचा," ती म्हणाली.

पिशव्या घरी आणून तिनं मोरीच्या कोपऱ्यात घमेल्याखाली दडवल्या, आणि मग दोन दिवस त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कारण हे नीळ टाकण्याइतकं सोपं नव्हतं. तिचा संशय खोटा ठरला तर वाफा जळेल आणि सासूबाई तिला जाळतील, एवढंच. पण खरा ठरला, तर हौदभर पाणी तिच्या हातानं खारं होणार होतं. अख्ख्या घराचं, आणि गल्लीतल्या त्या दोन घरांचं. घाण पाणी माणूस नाक दाबून, उकळून, देवावर हवाला ठेवून का होईना, पिऊ शकतो. मिठाचं पाणी पिता येत नाही. एकदा मीठ गेलं की परत कुणाला कानाडोळा करायची सोय राहणार नव्हती. तिलाही नाही. तिला खरं ठरायचं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी आपण खोटे ठरावं, अगदी नाक घासायची वेळ यावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

तिसऱ्या सकाळी भिंगरीनं अंथरुणातच घाण केली आणि रडलीसुद्धा नाही. नुसती आईकडे बघत राहिली. मिस्त्री कामाला गेल्यावर वहिनीनं पिशव्या फोडल्या, मीठ घमेल्यात विरघळवलं आणि मोरीच्या भोकात ओतलं. परत विरघळवलं, परत ओतलं.

"काय चाललंय गं आत?" सासूबाईंचा आवाज.

"मोरी घासते."

"कोरडी घास."

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पोरीला ती स्वतःच्या हातानं पाजायची, ताट न झाकता खळखळून उकळून, सासूबाईंशी रोज नवं भांडण करून. हौदाचं पाणी काढलं की आधी जिभेवर घ्यायची. काही नाही. पुन्हा घ्यायची. मग वाटायचं, आहे. मग वाटायचं, आपल्याला पाहिजे म्हणून लागतंय. इतकी वर्षं बर्फ चाटून जीभ खोटं बोलायला लागली असेल. वाफ्यातल्या पानांच्या कडा करपल्या, सासूबाईंनी उन्हाला शिव्या दिल्या. खड्ड्याच्या पाण्यात साबणाला फेस येईना, त्यांनी साबणवाल्याला शिव्या दिल्या. टेलरचा हंडा रोज जात होता. त्याची सून पोटुशी होती. तो हंडा दारातून बाहेर पडताना वहिनीच्या तोंडात शब्द यायचा आणि दातांशी थांबायचा. आधी खात्री होऊ दे. आधी खात्री. हे ती स्वतःला सांगायची, आणि हंडा जायचा.

मिस्त्रीला सुट्टी होती त्या दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. भात आणि पातळ भाजी. सासूबाईंना या घरात सुनेच्या हातची भाजी आजवर एकदाही धड लागली नव्हती. कधी अळणी, कधी जळकी, कधी नुसती "बरी". त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मान हलवली.

"आज मीठ नीट पडलंय," त्या म्हणाल्या. "आज कुठं हात बसला तुझा."

मिस्त्रीही म्हणाला, "हो, झकास झाली आहे."

वहिनीनं हातातला घास ताटात ठेवला.

"मी आज मीठ घातलंच नाही," ती म्हणाली. "भाजीतही नाही, भातातही नाही."

सासूबाई चावता चावता थांबल्या. मिस्त्रीला आधी कळलं नाही. मग त्यानं ताटाशेजारचा पाण्याचा पेला उचलला, घोटभर घेतलं, तोंडात घोळवलं. रोज पित होता. रोज थोडं थोडं खारट होत गेलेलं त्याला कळलं नव्हतं. आता कळलं.

"तू हौदात मीठ टाकलंस?"

"मोरीत टाकलं," ती म्हणाली. "हौदात ते आपलं आपण आलं."

मग सासूबाईंचा बांध फुटला. "भरला हौद नासवलास तू. दुष्काळात. लेकराच्या तोंडचं पाणी नासवलंस. शत्रूसुद्धा असं करत नाही."

"लेकराच्या तोंडी काय जात होतं ते माहीत आहे का आई? तिच्याच ढुंगणाचं पाणी. तुमच्या आंघोळीचं, ह्यांच्या चिखलाच्या पायांचं, माझ्या पाळीच्या कपड्यांचं. सगळं फिरून परत पेल्यात. थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही ना आपल्याला? नाही गेला."

मिस्त्री ताटावरून उठला होता. अंगणात जाऊन हौदाच्या तोंडाशी पालथा पडला, हात आत घातला, ओंजळ तोंडाला लावली. उठून खड्ड्याच्या नळीशी गेला, तिथलं चाखलं. परत हौदाशी आला. असं त्यानं का केलं कोण जाणे. पहिल्याच ओंजळीत सगळं कळलं होतं. मग त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली आणि खड्ड्याकडे निघाला. त्याचे कान लाल झाले होते.

वहिनी आडवी आली. "खड्डा कुठं पळून जात नाही. आधी गल्लीत जा."

"काय सांगू?"

"जे आहे ते. आमच्या मोरीचं पाणी तुम्हाला पाजलं, ओतून द्या, म्हणून सांगा."

"मला तोंड नाही गं," तो म्हणाला.

"हंडे वाटताना होतं ना?"

तो पहार घेऊन तसाच उभा राहिला. नंतर खाली बसला. वहिनीनं थोडा वेळ वाट बघितली, जास्त नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडली. चालताना तिच्या मनात नवऱ्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त होता. खात्री, खात्री करत तिनं इतके हंडे दारातून जाऊ दिले होते.

टेलरच्या दारात मशीन चालू होतं. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, शब्द न गिळता. टेलरनं पाय थांबवला. मशीनचं चाक आपोआप दोनचार वेळा फिरून गप्प झालं. आतून त्याची सून आली, एक हात कमरेवर.

"सूनबाई, तू किती प्यायलीस?" वहिनीचा आवाज फाटला होता. "सांग मला. पोटात दुखतं का? जुलाब?"

सून सासऱ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "वहिनी, मी नाही प्यायले. आम्ही कुणीच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यातच मला वास आला. साबणाचा, आणि… कसला तरी. कपाच्या काठाला फेस राहायचा. आम्ही ते संडासात वापरतो. पिण्याला टँकरचंच."

"मग रोज हंडा कशाला घेत होतात?"

टेलरनं चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागला. "मिस्त्री एवढ्या प्रेमानं आणून द्यायचे. नको कसं म्हणायचं? त्यांना वाईट वाटलं असतं."

वहिनीला एका क्षणात दोन गोष्टी वाटल्या. त्या पोटुशीच्या पाया पडावं, आणि टेलरच्या कानाखाली आवाज काढावा. यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिची पोरगी भिंतीला टेकून बसायची ती यांच्या दारातून दिसत होती, आणि हे लोक सभ्यपणा करत बसले होते. आग लागो असल्या सभ्यपणाला. कुणाला वाईट वाटू नये म्हणून या जगात जेवढी माणसं मेली असतील, तेवढी भांडणात मेली नसतील.

"मला एकटीला तरी सांगायचंत," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, कारण अजून एक घर बाकी होतं आणि तिचे पाय तिकडे वळतच नव्हते.

इस्त्रीवाला गल्लीच्या टोकाला राहायचा. पुढच्या खोलीत टेबल आणि कपड्यांचे ढीग, मागच्या खोलीत त्याची म्हातारी आई खाटेवर. इस्त्रीवाला घामानं निथळत शर्टाची कॉलर दाबत होता.

"या वहिनी. भिंगरी काय म्हणते?"

"तुम्ही आमचं पाणी पिता का?" तिनं विचारलं. टेलरचं ऐकून तिला आशा वाटायला लागली होती. नाही म्हण, तिनं मनात म्हटलं. तूही वास आला म्हण.

"छे. आम्ही टँकरचं पितो," तो म्हणाला, आणि तिनं श्वास सोडला. "तुमचं चांगलं पाणी मी आईसाठी ठेवतो. फक्त तिलाच देतो. तिच्या पोटाला काही सोसत नाही ना. आणि परवापासून तर फारच झालंय, काही टिकत नाही पोटात. म्हणून अजून पाजतोय, दर थोड्या वेळानं. नर्स म्हणाली होती, पाणी कमी पडू देऊ नका."

वहिनी मागच्या खोलीच्या दाराशी गेली. कडेवरची पोरगी जड झाली होती. मागच्या खोलीत म्हातारी कण्हत होती, आणि खाटेखाली त्यांच्याच घरची कळशी झाकून ठेवलेली दिसत होती, वर स्वच्छ फडकं.

"ते ओतून दे," मागून आवाज आला.

मिस्त्री दारात उभा होता. हात मातीनं भरलेले. तो टेलरच्या दारावरून आला होता, म्हणजे त्यानं तिथलं ऐकलं असणार.

"काय ओतून दे?" इस्त्रीवाला म्हणाला.

"कळशीतलं पाणी. ते माझ्या मोरीचं आहे. माझ्या खड्ड्याचं हौदात येत होतं. हिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुझ्या आईला मी घाण पाजली."

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. कपडा जळू नये एवढं भान त्याला होतं. मग तो आत गेला, कळशी उचलून बाहेर आला आणि ती तशीच हातात धरून उभा राहिला, कुठं ओतावी ते न सुचून. कितीतरी महिन्यांत या गल्लीत कुणी पाणी नुसतं ओतून दिलं नव्हतं.

"सकाळपासून मी पाच पेले दिलेत तिला," तो म्हणाला. "नको म्हणत होती. गाल दाबून दिलेत. खारट लागतंय म्हणत होती, मी म्हटलं म्हातारपणी तोंडाची चव जाते."

त्यानं मिस्त्रीला मारलं असतं तरी चाललं असतं. मिस्त्री वाटच बघत होता. पण इस्त्रीवाल्यानं कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "आता काय करू?"

वहिनी आत गेली. म्हातारीच्या हाताची कातडी तिनं चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी तशीच राहिली, परत बसेना. ओठांना भेगा पडलेल्या. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"उचला हिला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तुमचं टँकरचं पाणी घ्या बाटलीत. हल म्हणते ना मी, इस्त्री बंद कर."

मिस्त्री धावत जाऊन विटांची हातगाडी घेऊन आला. इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पसरून त्यावर त्यानं म्हातारीला ठेवलं. लोकांचे धुतलेले शर्ट होते. इस्त्रीवाला डोक्याशी, मिस्त्री दांड्याला, आणि वहिनी बाजूनं चालत, एका हातानं म्हातारीच्या ओठांना ओलं फडकं लावत, दुसऱ्या हातात भिंगरी.

ऊन रणरणत होतं. गाडीचं चाक दगडावर आपटलं की म्हातारीची मान हलायची, आणि वहिनी दरवेळी बघायची की ती आपोआप हलली की चाकामुळे. दारं उघडली. काय झालं मिस्त्री, कुठं निघालात, लोक विचारायला लागले. मिस्त्री गाडी न थांबवता सांगत गेला. माझ्या खड्ड्याचं पाणी हौदात आलं. तेच हिला पाजलं. कुणी आमच्यासारखा खड्डा खणला असेल तर आजच बुजवा. पुढच्या दारात पुन्हा तेच. त्याचा आवाज चढत नव्हता आणि दबतही नव्हता, ओझं ओढताना निघतो तसा निघत होता. काही बायका मागे यायला लागल्या. एक जण कुठल्याशा ओट्यावरून म्हणाला, "खून केलास की रे मिस्त्री." मिस्त्रीनं दांड्यावरचे हात घट्ट केले आणि गाडी पुढे ओढली.

दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा म्हातारीचे ओठ हलले. वहिनीनं कान जवळ नेला. म्हातारी पाणी मागत नव्हती. नको म्हणत होती. फडकं लागलं की नको, नको, एवढंच.

"हे चांगलं आहे आई," वहिनी म्हणाली. "खरंच चांगलं आहे. घ्या."

म्हातारीनं ओठ मिटून घेतले. भिंगरीनं आईच्या गळ्यात तोंड खुपसलं होतं, आणि तिचं कपाळ वहिनीच्या मानेला लागत होतं. गरम होतं. सकाळपेक्षा गरम. वहिनीनं चालायचा वेग वाढवला, आणि गाडीही तिच्या बरोबरीनं वेगात यायला लागली.